आधी ओळख, मग टाकी

शोभेच्या माशांच्या दुकानात गोल्डफिश, गप्पी, एंजल यांना नजरेच्या उंचीवरच्या टाक्या मिळतात आणि मिशीवाले मासे बहुधा खालच्या रांगेत असतात. त्यांच्या टाक्यांवरच्या चिठ्ठ्यांवर ‘सकर’, ‘क्लीनर’, ‘शार्क’ एवढेच लिहिलेले असते आणि गिऱ्हाईकही त्याच भाषेत बोलते: “चार गोल्डफिश द्या, आणि टाकी साफ ठेवायला एक सकर.” हा सकर कोणत्या जातीचा, किती वाढणारा, काय खाणारा, हे विचारायची रीत नाही. रंगीत मासा आवडला म्हणून घरी येतो. कॅटफिश कामाला येईल म्हणून आणला जातो. या प्रकरणात मांडायचा मुद्दा असा, की कॅटफिश पाळण्यातल्या बहुतेक चुका घरच्या टाकीत घडण्याआधी या खरेदीतच होऊन गेलेल्या असतात. टाकी केवढी हवी, तळाला वाळू घालावी की खडी, सोबती कोण चालतील, खायला काय आणि कधी घालायचे, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मासा कोणता यावर ठरते. म्हणून मासा ओळखणे ही अभ्यासकांवर सोडून द्यायची बाब नाही. पाळणाऱ्याचे पहिले काम तेच आहे.

नुसते ‘कॅटफिश’ म्हटल्याने काहीच का ठरत नाही, हे या गटाचा पसारा पाहिला की लक्षात येते. शास्त्रज्ञ या माशांना सिल्युरिफॉर्मिस या गणात घालतात. त्यात आजवर चार हजारांच्या आसपास जातींची नोंद झाली आहे. म्हणजे जगातल्या ज्ञात माशांपैकी दहात एकाहून अधिक जाती या एकाच गणातल्या. २००५ साली थायलंडमध्ये मेकाँग नदीत सापडलेला महाकाय कॅटफिश २९३ किलोचा होता; उलट पिग्मी कोरी पूर्ण वाढला तरी अडीच-तीन सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. या गणातले काही मासे दुसरे मासे अख्खे गिळतात, काही दगडावरचे शेवाळ खरवडतात, काही वाळू चाळून अळ्या वेचतात. कोकणच्या बाजारात मिळणारा शिंगाळाही याच गणातला. त्याचे काटे हाताळताना बाळगावी लागणारी सावधगिरी मासळी विकणाऱ्यांना चांगली ठाऊक असते. इतक्या भिन्न प्राण्यांसाठी पाळण्याचा एकच नियम सांगता येणे शक्य नाही. तरी सगळ्यांना जोडणाऱ्या काही खुणा आहेत. कॅटफिशला खवले कधीच नसतात. अंगावर एक तर उघडी, बुळबुळीत कातडी असते, नाहीतर हाडांच्या तबकड्यांचे कवच. तोंडाभोवती मिशा असतात आणि त्या चव व स्पर्श ओळखतात. बहुतेक जातींत पाठीवरच्या आणि छातीच्या दोन परांच्या पुढच्या कडेला कडक काटा असतो. दुकानात ‘सकर’ म्हणूनच खपणारा पिवळट चायनीज अल्गी ईटर या कसोटीवर लगेच बाद होतो. त्याच्या अंगावर खवले आहेत आणि मिशा नाहीत. तो कॅटफिश नाही, आणि मोठा झाल्यावर सोबत्यांच्या अंगाला चिकटणारा भांडखोर मासा म्हणून तो ओळखला जातो.

गण ओळखला की पुढचा टप्पा कुळाचा. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही. तोंड, अंगावरचे आवरण, मिशा आणि पाठीवरचा पर या चार गोष्टी पाहिल्या तरी पुरते. तोंड खाली वळलेले, ओठांची गोल चकती झालेली आणि पोट सोडून सगळ्या अंगावर कवच असेल, तर तो दक्षिण अमेरिकेतल्या लोरिकॅरिडी कुळातला, म्हणजे आपल्याकडच्या ‘सकर’पैकी एक. दोन्ही बाजूंना तबकड्यांच्या दोन-दोन ओळी, मिशा आखूड आणि खाली वळलेल्या, अंगलट ठेंगणी, तर तो कोरी. उघडी कातडी, चपटे रुंद डोके आणि मागे दूरवर जाणाऱ्या मिशांच्या तीन जोड्या दिसल्या, तर तो पिमेलोडिडी कुळातला शिकारी असण्याची दाट शक्यता. तोंडात मावेल तो मासा गिळणे हा त्याचा आहार आहे, खोड नव्हे. खालच्या जबड्याच्या मिशांना फांद्या फुटलेल्या असतील, तर तो आफ्रिकेतला सिनोडोंटिस. त्यातली निग्रिव्हेन्ट्रिस ही काँगो खोऱ्यातली जात उलटी पोहते आणि तिचे पोट पाठीपेक्षा गडद असते. अंग आरपार दिसणारे, पाठीवरचा पर जवळजवळ नसलेला आणि दोन लांब मिशा पुढे रोखलेला मासा म्हणजे ग्लास कॅटफिश. रंग मात्र या यादीत मुद्दाम घेतलेला नाही. पांढरे, सोनेरी, लांब परांचे असे प्रकार निपजीत तयार होतात आणि पिल्लांचे ठिपके-पट्टे वाढीबरोबर बदलतात. शरीराची बांधणी तशी बदलत नाही.

यातली एक खूण जवळून पाहण्यासारखी आहे, कारण बाजारातला सर्वांत महागात पडणारा घोटाळा तीच सोडवते. बोटाएवढा सकर काचेला चिकटला की पलीकडच्या बाजूने त्याचे तोंड सरळ दिसते. ओठांवर बारीक दाणे असतात, मध्ये दातांच्या दोन रांगा काचेवर पुढेमागे सरकत असतात आणि कडेला दोन आखूड मिशा. डोळ्याला पापणी नसते. उजेड प्रखर झाला की बुबुळाचा वरचा भाग खाली उतरतो आणि बाहुलीला घोड्याच्या नालेचा आकार येतो. इथपर्यंत दोन अगदी वेगळे मासे सारखेच दिसू शकतात. एक टेरिगोप्लिक्थिस, म्हणजे आपल्याकडचा सर्रास मिळणारा सकर. दुसरा अँसिस्ट्रस, ज्याला हौशी लोक ब्रिसलनोज म्हणतात. पहिला ४० ते ५० सेंटिमीटर होतो, दुसरा १२ ते १५ सेंटिमीटरवर थांबतो. ब्रिसलनोजच्या नराच्या थोबाडावर मांसल तंतू येतात, पण पिल्लाच्या वयात ते नसतात, म्हणून ही प्रसिद्ध खूण ऐन खरेदीच्या वेळी उपयोगी पडत नाही. त्या वेळी पाठीवरचा पर पाहावा. मासा जागा बदलताना किंवा दुसऱ्याला धमकावताना तो पर उभारतो. पुढचा काटा सोडून पराला आधार देणाऱ्या काड्या मोजाव्यात. टेरिगोप्लिक्थिसमध्ये त्या दहा किंवा अधिक भरतात, अँसिस्ट्रसमध्ये सात-आठ. मासा वाढला म्हणून काड्यांची संख्या वाढत नाही, त्यामुळे पिल्लापाशीही ही मोजणी चुकत नाही. मोबाईलवर एक स्पष्ट फोटो काढून घरी शांतपणे मोजले तरी चालते.

मोजणीत चूक झाली तर काय होते, याचा हिशेब टाकीच्या मापावरूनच करता येतो. मध्यमवर्गीय घरात बहुधा दोन फुटी टाकी असते: दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तिच्यात काठोकाठ ५६ लिटर पाणी मावते; वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली तर ४५ लिटरच्या आसपास उरते. ४५ सेंटिमीटरचा सकर ३० सेंटिमीटर रुंदीच्या टाकीत सरळ वळूही शकत नाही. ‘शार्क’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चंदेरी माशाची गोष्ट आणखी बोलकी आहे. खऱ्या शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो आणि मानेपाशी कल्ल्यांच्या उघड्या फटी असतात. याचा सांगाडा हाडांचा आहे, कल्ल्यावर झाकण आहे आणि तोंडापाशी मिशा आहेत. हा पँगॅसियानोडॉन हायपोफ्थाल्मस, मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांचा रहिवासी. हॉटेलात ‘बासा’ म्हणून जे काटे नसलेले तुकडे ताटात येतात, ते बहुतांशी याच माशाचे असतात. मत्स्यशेतीत तो वाढवला जातो तो मुळात झपाट्याने वाढतो म्हणूनच. त्याची नोंदलेली कमाल लांबी १३० सेंटिमीटर आहे. नदीत तो थव्याने लांबवर स्थलांतर करतो, आणि टाकीत दचकला की काचेवर धडकून तोंड फोडून घेतो. लाल शेपटीचा रेडटेल कॅटफिशही ॲमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यांतून येतो, दुकानात सात-आठ सेंटिमीटरचा गोंडस दिसतो आणि मीटरभराच्या पुढे जातो.

इथे दुकानदाराचे एक उत्तर ठरलेले असते: मासा टाकीच्या मापानेच वाढतो, छोट्या टाकीत छोटाच राहतो. हे उत्तर टिकून राहिले, कारण त्यात अर्धे सत्य आहे. अपुऱ्या टाकीत काही माशांची वाढ खरोखर खुंटते. पण ती खुंटते साचलेल्या टाकाऊ द्रव्यांमुळे, कमी ऑक्सिजनमुळे आणि हालचालीला जागा नसल्याने. मासा काचेचा अंदाज घेऊन आपली वाढ आवरतो, असे काही घडत नाही. पाणी नियमित बदलले आणि खाणे पोटभर मिळाले, तर तोच मासा वाढत राहतो. म्हणजे मालक जितका चांगला सांभाळ करील तितकी टाकी लवकर अपुरी पडेल, आणि मासा छोटा राहिलाच तर ती सांभाळातल्या उणिवेची खूण ठरेल. शिवाय कॅटफिश दीर्घायुषी असतात. बरा सांभाळ झाला तर सकर दहा वर्षांहून अधिक जगतो. ‘मोठा झाला की मोठी टाकी घेऊ’ हा बेत करणाऱ्याने ती टाकी ठेवायला घरात भिंत कोणती, तिच्यातले चारशे-पाचशे लिटर पाणी कोण बदलणार आणि तेवढा भार फर्निचरला पेलेल का, याचा विचार मासा घेण्याआधीच करायला हवा.

दुसरा गैरसमज ‘क्लीनर’चा. कॅटफिश टाकी साफ ठेवतो, म्हणून त्याला वेगळे खायला घालायची गरज नाही, असे धरले जाते. शेवाळ खरवडणारे सकर काचेवरचा आणि लाकडावरचा हिरवा थर खातात हे खरे. पण ते इतर माशांची विष्ठा खात नाहीत, आणि लांब वेटोळ्यांच्या आतड्यातून स्वतः भरपूर विष्ठा टाकतात. मोठ्या सकरची टाकी बहुधा त्याच्याशिवायच्या टाकीपेक्षा लवकर घाण होते. वाढत्या सकरला शेवाळ पुरत नाही, आणि उपाशी सकर रात्री गोल्डफिश किंवा डिस्कससारख्या रुंद अंगाच्या, संथ माशांना चिकटून त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर ओरबाडतो. दुकानातून आणलेल्या ओटोसिंक्लस या चार-पाच सेंटिमीटरच्या नाजूक माशाचे हाल याच्या उलट कारणाने होतात. तो टाकीवरच्या जैविक थरावर जगतो आणि नव्या, चकचकीत टाकीत तो थरच नसतो. कोरींच्या वाट्याला वरच्या माशांनी टाकलेले उरलेसुरले येते आणि चपळ टेट्रा तेवढेही उरू देत नाहीत. यावरचा उपाय साधा आहे. दिवे मालवल्यावर तळाला बुडणाऱ्या गोळ्या टाकाव्यात, कारण बहुतेक कॅटफिश रात्रीचे प्राणी आहेत. सकर आणि ब्रिसलनोजसाठी उकळत्या पाण्यातून काढलेली काकडीची, दुधीची किंवा दोडक्याची चकती बुडवून ठेवावी आणि सकाळी उरलेला भाग काढून घ्यावा. लाकूड पचवणारे सकर असतात असेही सांगितले जाते. डोनोव्हन जर्मन यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लाकूड कुरतडणाऱ्या कॅटफिशांची पचनसंस्था तपासली, तेव्हा हे मासे लाकडातल्या तंतूंवर पोसले जात नाहीत, त्यावरच्या आणि त्यातल्या कुजक्या सेंद्रिय पदार्थावर जगतात, असे दिसले. टाकीत लाकूड जरूर असावे, पण तेच जेवण समजू नये.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. ओळखीवर एवढा भर देता, पण तज्ज्ञांनाच या माशांची नावे ठरवता आलेली नाहीत, मग सामान्य माणसाने काय करावे? आक्षेपात तथ्य आहे. ग्लास कॅटफिश कित्येक दशके जगभरच्या टाक्यांत दुसऱ्या जातींच्या नावांखाली पोहत होता; २०१३ साली एनजी हिओक ही आणि मॉरिस कोटेलाट यांनी तो वेगळी जात असल्याचे दाखवून त्याला क्रिप्टोप्टेरस विट्रिओलस हे नाव दिले. सकरांच्या नव्या जाती शास्त्रीय वर्णन होण्याआधीच बाजारात येऊ लागल्या, तेव्हा १९८८ साली एका जर्मन मासिकाने त्यांना ‘एल’ अक्षर आणि क्रमांक द्यायला सुरुवात केली. शिंगू नदीतला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा सकर आधी एल ०४६ होता, १९९१ साली तो हायपॅन्सिस्ट्रस झेब्रा झाला. २०२४ साली तर कोरींच्या शेकडो जातींची फेरमांडणी होऊन कोरिडोरस या एका प्रजातीतल्या बऱ्याच जाती चार जुन्या नावांखाली गेल्या. ब्राँझ कोरी ऑस्टिओगॅस्टर झाला, पांडा कोरी हॉप्लिसोमा. पण नाव बदलले म्हणून माशाचे माप, दात की आहार बदलला नाही. पाळणाऱ्याला नावाची गरज शरीराची आणि सवयींची माहिती मिळवण्यापुरती असते, आणि जुन्या शास्त्रीय नावावरून नव्यापर्यंत पोचता येते. ‘सकर’ या चिठ्ठीवरून कुठेच पोचता येत नाही. कुळ आणि पूर्ण वाढीची लांबी एवढे कळले तरी टाकीचे निम्मे निर्णय होतात. नेमकी जात कळली तर उत्तमच.

ओळखीतून सांभाळ कसा उलगडतो, हे कोरींपाशी स्पष्ट दिसते. कोरी खाताना तोंड वाळूत डोळ्यांपर्यंत खुपसतो, वाळूचा घास घेतो, खाण्याजोगे कण ठेवतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांच्या फटींतून बाहेर सोडतो. ही क्रिया एकदा नीट पाहिली की तळाला बारीक, गुळगुळीत वाळू का हवी हे वेगळे समजवावे लागत नाही. रंगीत, टोकदार खडीत हा मासा जेवूच शकत नाही, आणि खडीच्या फटींत कुजणारे अन्न त्याच्या मिशा सडवते. मिशा झिजण्याचा दोष केवळ खडीला देणारे आहेत आणि केवळ घाणीला देणारेही आहेत. व्यवहारात दोन्ही टाळणे एकाच कामाने साधते, कारण वाळूवर घाण वरच राहते आणि नळीने ओढून घेता येते. कोरी मध्येच झपाट्याने वर जाऊन हवेचा घोट घेतो. आतड्याच्या मागच्या भागातून ऑक्सिजन शोषण्याची त्याची ही सोय आहे, म्हणून टाकीच्या झाकणाखाली हवेला जागा सोडावी लागते. मात्र तो वारंवार वर जाऊ लागला तर पाण्यात ऑक्सिजन कमी पडतो आहे असे समजावे. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना साधारण ७.५. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद खोलीतली टाकी त्याहून तापते, आणि पांडा कोरीसारखी थंड ओढ्यांतली जात तिथे निवडणे म्हणजे दर मे महिन्यात संकट ओढवून घेणे. ब्राँझ कोरी त्या मानाने कणखर. आणि कोरी कोणताही असो, तो थव्याचा प्राणी आहे. एकटा कोरी कोपऱ्यात दडून राहतो, सहा असले की दिवसाउजेडीही तळभर फिरतात.

पाण्याचे बाकी नियम सगळ्याच माशांना लागू आहेत, पण कॅटफिश तळाशी राहतो आणि चुकांचा मारा तळाशीच आधी होतो. मासे अमोनिया सोडतात; फिल्टरमधले जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग त्यामानाने सौम्य नायट्रेट करतात. हे जिवाणू नव्या टाकीत पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टाकी आणि मासे एकाच दिवशी घरी आणणे हा सर्वांत वाईट मुहूर्त. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला तर क्लोरीनने तेच जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा. पावसाळ्यात पालिका क्लोरीनची मात्रा वाढवते, तेव्हा पाणी बदलताना क्लोरीन काढणारे औषध विसरून चालत नाही. दख्खनच्या पठारावरचे बोअरवेलचे पाणी बहुधा जड असते. निपजीतले ब्रिसलनोज आणि ब्राँझ कोरी ते चालवून घेतात, पण मऊ पाण्यातल्या जंगली जाती तिथे टिकवणे अवघड. रोग झाला तर खवले नसलेल्या या माशांवर औषधांचा परिणाम वेगळा होऊ शकतो, म्हणून मीठ किंवा मॅलाकाइट ग्रीन सरसकट ओतू नये. बाटलीवर कॅटफिशसाठी दिलेली मात्रा पाहावी. आणि पकडताना जाळी वापरू नये. परांचे काटे जाळीत अडकतात, सोडवताना मासाही जखमी होतो आणि हातही. डब्यात घेऊन हलवणे सोपे. जेरेमी राइट यांच्या २००९ च्या अभ्यासाने किमान १,२५० कॅटफिश जाती विषारी असल्याचा अंदाज दिला. टाकीतल्या बहुतेकांचा दंश ठणका लागण्यापुरता असतो, पण बाजारात जिवंत मिळणारी शिंगी किंवा किनाऱ्यावर सापडणारी पट्ट्यांची प्लोटोसस पिल्ले हौसेने टाकीत ठेवणे धोक्याचे आहे. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरावा, कारण उष्णतेने हे विष निकामी होते, आणि डॉक्टरला दाखवावे.

चुकीचा मासा घेतलाच, तर पुढे काय? बहुतेक घरांत सुचणारे उत्तर म्हणजे तलाव, नदी किंवा विसर्जनाचा घाट. जीव वाचवल्याचे समाधान त्यात मिळते, म्हणून हे उत्तर नाकारणे जड जाते. पण एक मासा सोडल्याने काय बिघडणार, याला आता उत्तर आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला टेरिगोप्लिक्थिस केरळ, आंध्र, पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागा अशा ठिकाणी रुजला आहे आणि २०२० साली वाराणसीजवळ गंगेतही सापडला. तो कोणी योजनेने सोडलेला नाही. घरच्या टाक्यांतून आणि शोभेच्या माशांच्या व्यापारातून तो तिथे पोचला. हवेत श्वास घेण्याची क्षमता असल्याने घाण पाण्यात तो तग धरतो, कवचामुळे भक्षक त्याच्या वाटेला जात नाहीत, विणीसाठी तो काठात खोल बिळे करतो आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. मेक्सिकोतल्या इन्फिएर्निलो जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात खाण्याच्या माशांऐवजी हाच भरू लागला. खाण्यासाठी आणलेल्या आफ्रिकन मागूरच्या शेतीवर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली, तीही परक्या कॅटफिशचा स्थानिक माशांवर होणारा परिणाम पाहून. तेव्हा नको झालेला मासा दुकानात परत करावा किंवा मोठी टाकी असलेल्याला द्यावा. तेही न जमल्यास पशुवैद्याच्या सल्ल्याने त्याचे जीवन वेदनेशिवाय संपवणे, हे कटू वाटले तरी नदीत सोडण्यापेक्षा कमी हानीचे आहे.

मग परदेशी मासे सोडून आपलेच कॅटफिश पाळावेत, अशी एक सूचना यावर येते. ती ऐकायला बरी वाटते, पण ओळखीची कसोटी तिलाही लागू आहे. केरळच्या नद्यांतला पिवळा होराबॅग्रस ब्रॅकिसोमा देखणा आहे आणि शोभेच्या व्यापारात त्याला मागणीही आहे. पण तो ४५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत तो असुरक्षित गटात आहे. सुंदरलाल होरा यांनी १९३८ साली पुण्याच्या नावावरून ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस असे ज्याचे नामकरण केले, तो मासा छातीवरच्या घड्यांनी दगडाला चिकटून वाहत्या पाण्यात राहतो. संथ टाकीत तो जगवणे कठीण, आणि ओढ्यातून तो उपसून आणणे त्याहून चूक. मासा देशी आहे एवढ्याने तो टाकीत ठेवायच्या योग्यतेचा होत नाही. तो किती वाढतो, निपजीतला आहे की नदीतून धरलेला, हे त्याच्याबाबतही विचारावेच लागते.

उरतो तो शेवटचा आक्षेप: इतकी बंधने पाळायची तर हौस राहते कुठे? प्रत्यक्षात ओळख करून घेतल्याने निवड आखडत नाही, ती घरच्या मापाला येते. दोन फुटी टाकीत शिकारी, ‘शार्क’ आणि मोठा सकर वगळल्यावरही वाळूचा तळ आणि सहा ब्राँझ कोरी असा एक पर्याय राहतो. लाकूड, सावलीची गुहा आणि एक ब्रिसलनोज असा दुसरा. टाकी तीन फुटी असेल तर ग्लास कॅटफिशचा थवा असा तिसरा. यातले पहिले दोन निपजीतून मिळतात, तीनही सामान्य खर्चात सांभाळता येतात आणि वागणुकीने रंगीत माशांच्या तोडीस तोड असतात. ब्रिसलनोजचा नर गुहेत अंड्यांना परांनी वारा घालत दिवसचे दिवस राखण करतो, हे मोठ्या सकरच्या मालकाला टाकीत कधी दिसणार नाही. खरेदीच्या वेळी चार प्रश्न पुरतात: शास्त्रीय नाव काय, पूर्ण वाढीची लांबी किती, एकटा राहतो की थव्याने, आणि आत्ता काय खातो आहे. दुकानदाराला पहिल्या दोनांची उत्तरे येत नसतील तर फोटो घ्यावा, पराच्या काड्या मोजाव्यात आणि त्या दिवशी रिकाम्या हाताने परतावे. मासा पुढच्या आठवड्यातही मिळतो.